आगाऊ सुतक

माझ्या आईचं सुतक मी धरलं तेव्हा आई जिवंत होती. सांगलीच्या एका हॉस्पिटलात उशीला टेकून बसली होती, हाताला सलाइन लावलेलं होतं आणि ती माझी वाट बघत होती. आणि मी दुबईत, मनखूलच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, डोक्यावरून न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून तिच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसले होते. इतक्या वर्षांनी लिहितेय म्हणून कुणाला वाटेल, बाई आता शांत झाली असेल. डोंबलाची शांत! अजून आठवलं की कुणाला तरी धरून बडवावंसं वाटतं, आणि सगळ्यांत आधी स्वतःलाच.

गुरुवार होता. मुलगी शाळेतून यायची होती. दुपारी बाराच्या सुमाराला धाकट्या भावाचा फोन आला. हॉस्पिटलसमोरच्या बूथवरून बोलत होता, मागं रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

"ताई, आईचं जास्त झालंय. डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही. तू निघ."

मी म्हटलं, "म्हणजे काय झालंय? नीट सांग."

"नीटच सांगतोय. तिला तुला बघायचंय. आजच निघ."

एवढं बोलला आणि फोन बंद. लाइन तुटली की त्याच्या खिशातले पैसे संपत आले, कुणास ठाऊक.

आता गल्फमध्ये ज्यांनी वर्षं काढलीत, त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. घरातलं माणूस गेलं, तर ते परदेशातल्या माणसाला आपल्याकडं फोनवर कुणी सांगत नाही. हाय खाईल, विमानात एकटी काय करेल, म्हणून 'जरा बरं नाही, येऊन जा' एवढंच सांगतात. बाकीचं दारात पोचल्यावर कळतं. आमच्या खालच्या मजल्यावर वसईच्या एक बाई राहायच्या, हॉटेलच्या रिसेप्शनवर होत्या. त्यांना डॅडींना ताप आलाय म्हणून बोलावलं, त्या पोचल्या तर डॅडींना पुरून दोन दिवस झाले होते. अशी प्रत्येक मजल्यावर एक तरी गोष्ट होती.

आणि माझी स्वतःची होतीच की! सहा वर्षांपूर्वी वडिलांना 'ॲडमिट केलंय' असा निरोप आला होता. मी वेडी मीना बझारमध्ये जाऊन त्यांच्यासाठी मऊ सुती बनियनं घेतली, बिनसाखरेची बिस्किटं घेतली, आणि घरी पोचले तर भिंतीवर फोटो, फोटोला हार, आणि खाली समई. तेव्हा मी भावाच्या थोबाडीत मारली होती, सगळ्या नातेवाइकांदेखत. त्याला आईच्या पायावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं होतं, की पुन्हा असं खोटं सांगणार नाही. जे असेल ते सरळ सांगेन.

त्यानं ते पाळलं. त्या गुरुवारी त्यानं मला जे होतं ते, जसं होतं तसं सांगितलं. आणि मला त्याची शपथ आठवली नाही. मला आठवली ती बिस्किटं.

मी ह्यांना ऑफिसात फोन केला. म्हटलं, "भावाचा फोन होता. आईचं जास्त झालंय म्हणतो." पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "आलोच मी. तू बसून राहा." त्या 'बसून राहा'मध्येच सगळं आलं. घरी आले, बूट काढले, माझ्याजवळ बसले आणि माझा हात हातात घेतला. बारा वर्षांच्या संसारात दिवसाढवळ्या हात हातात घ्यायची त्यांची ती पहिलीच वेळ. मी हंबरडा फोडला.

तासाभरात मोठे भावजी आणि जाऊबाई हजर. ते दोघं चार गल्ल्या पलीकडं राहायचे. जाऊबाईंच्या हातात पिठलं-भाताचा डबा, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही. अंगावर पांढरी साडी, पण तिचे काठ जरीचे, म्हणून पदर उलटा घेतलेला. डबा इतक्या लवकर कसा तयार झाला, हे विचारायचं भान मला नव्हतं. नंतर कळलं, स्वतःच्या जेवणासाठीच केलेलं पिठलं होतं, ते तसंच उचलून आणलं होतं. आल्या आल्या त्यांनी टीव्हीवर चादर टाकली आणि माझ्या गळ्यात पडल्या. "सुटल्या गं बिचाऱ्या!" म्हणाल्या.

मी म्हटलं, "मी भावाला फोन लावते."

मोठे भावजी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइटवर होते. सगळ्या जगाला साइटवरच्या माणसांसारखं हाकायची त्यांना सवय. ते म्हणाले, "फोन करून काय ऐकायचंय तुला? त्या पोराच्या तोंडून वदवून घ्यायचंय? त्यानं एवढं धीरानं लपवलं, तर लपवू दे की त्याला."

मला ते पटलं. खरंच पटलं. वाटलं, केवढे समजूतदार आहेत.

मग तिकिटाचा विषय निघाला. त्या रात्रीच्या विमानात जागा होती, ह्यांनी ट्रॅव्हल एजंटला विचारून ठेवलं होतं. भावजींनी तिकिटाचे दिरहम किती ते विचारले, मनात गुणाकार केला, रुपये किती होतात ते मोठ्यानं सांगितलं आणि म्हणाले, "पण आता घाई कशाला? तिकडं सगळं उरकलं असणार. अग्नी द्यायला मुलगा आहे. हिनं एकटीनं जाऊन काय करायचं? सोमवारी दोघं जा, दहाव्याच्या आत पोचता, खलास."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी 'नाही' म्हटलं असतं तर मला त्या विमानात बसवायला हे स्वतः आले असते, एवढं मी ह्यांना ओळखते. पण मी मान डोलावली. का डोलावली, तेही सांगते. मला भीती वाटली. पुन्हा एकटीनं ते दार, तो हार, ती समई, आणि सगळ्यांचे माझ्याकडं वळलेले चेहरे. मला वाटलं, चार दिवसांनी गेलं तर रडणं जरा ओसरलेलं असेल. म्हणजे मी माझी सोय बघितली. भावजींना मी पुढं आयुष्यभर बोल लावला, पण मान माझीच होती.

मुलगी शाळेतून आली. नऊ वर्षांची होती. घरात ही गर्दी बघून तिनं विचारलं, "What happened?" जाऊबाईंनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, की आजी देवाघरी गेली. ती म्हणाली, "But who told you?" जाऊबाई म्हणाल्या, मामाचा फोन आला. "Mama said she died?" जाऊबाई म्हणाल्या, "असं बोलू नये बाळा," आणि तिला पिठलं-भात वाढला.

शुक्रवारी सकाळी फोटोचं काम निघालं. आमच्याकडं आईचा एकटीचा फोटो नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती व्हिजिट व्हिसावर आली होती, तेव्हा खाडीच्या काठावर काढलेला एक होता. त्यात सगळे होतो, आणि आई मधोमध डोळे बारीक करून खदखदून हसत होती, कारण अब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, चढताना भावजींचा पाय घसरला होता. भावजी आणि हे तो फोटो घेऊन मीना बझारमधल्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्यानं आजूबाजूचे सगळे कापले, पण माझ्या मुलीचा हात आईच्या खांद्यावर होता, तो निघेना. "हाथ निकालूँगा तो कंधा भी जाएगा, साब." मग तो हात तसाच ठेवून फोटो मोठा करून आणला. दुबईतल्या देवळाच्या बोळातून मोगऱ्याचा हार आणला. भिंतीवर हसणारी आई, खांद्यावर एक कुणाचाच नसलेला पंजा, आणि वरून हार. जाऊबाई म्हणाल्या, "किती प्रसन्न दिसतात ना!"

अकरा वाजता अल ऐनहून ह्यांचे काका आले. काका म्हणजे आमच्या सगळ्या गोतावळ्याचं धर्मखातं. नोकरी एका गोदामात स्टोअरकीपरची, पण गाडीच्या डॅशबोर्डात कायम पंचांग. इकडं भटजी मिळायची मारामार, त्यामुळं बारसं असो की बारावं, काका एवढ्या लांबून गाडी हाकत यायचे आणि सगळ्यांना कामाला लावायचे. त्यांनी मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक, असं सांगितलं. जावयाला तीन दिवस की दीड, ह्यावर त्यांचा आणि भावजींचा अर्धा तास वाद झाला, कारण ह्यांना रविवारी ऑफिसात एक मीटिंग होती. मी ओल्या केसांनी बसून ते ऐकत होते. माझी आई गेली आणि हे लोक दीड दिवसाची घासाघीस करतायत!

मग काकांनी पंचांग उघडलं. चष्मा वर केला, खाली केला, बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किती वाजता गेल्या?" त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. भावजी म्हणाले, "फोन बाराला आला. म्हणजे त्याच्या आधीच."

"बारा इथले की तिथले?"

"इथले."

"म्हणजे तिथले दीड." काकांनी पंचांग मिटलं. "पंचक लागलेलं आहे."

जाऊबाईंनी तोंडावर पदर धरला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, पंचकात माणूस गेलं तर ते आणखी पाच जणांना घेऊन जातं असं मानतात. त्यावर उपाय म्हणजे दर्भाचे किंवा पिठाचे पाच पुतळे करून प्रेताबरोबर जाळायचे. जाऊबाईंनी लगेच बोटं मोजायला सुरुवात केली. गावाकडची थोरली आत्या, मग अमुक, मग तमुक. दोन बोटं झाल्यावर त्यांची नजर काकांवर येऊन थांबली. काका सत्तरीला टेकलेले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हिच्या माहेरचं आहे," भावजी म्हणाले. "सासरच्यांना कशाला लागेल?"

"एका छपराखाली बसून सुतक धरलंय आपण," काका म्हणाले. "लागणार."

"पण पंचक लागलं ते इंडिया टाइमनं की दुबई टाइमनं?"

"अरे, पंचांगाला दुबई कुठून माहीत असणार!"

"मग त्या लागायच्या आधीच गेल्या असतील तर? मुलानं फोन करायला वेळ लावला असेल."

त्या दीड तासाच्या फरकात आईचं जाणं बसवून काकांना वाचवता येतं का, ह्याचा ते सगळे अगदी मन लावून हिशेब करत होते. शेवटी काकाच म्हणाले, "छे छे, शंका नको. सांगलीला फोन लावा. पुतळे ठेवले का विचारू. नसतील ठेवले तर शांती करून घ्या म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

माझ्या दुःखासाठी ज्या घरातून आदल्या दिवसापासून एक फोन जाऊ शकला नव्हता, त्याच घरात आता फोनभोवती चार माणसं उभी राहिली. शुक्रवारी फोनचा दर कमी, म्हणून साऱ्या दुबईतले आपले लोक एकदमच घरी फोन लावत बसायचे. लाइन मिळायला दीड तास लागला. भावजी डायल करत होते, काका त्यांच्या मागं उभे राहून "लागला? लागला?" करत होते. लागला तेव्हा रिसीव्हर काकांनी हिसकावून घेतला.

माझ्या भावाच्या घरी भावजयीनं उचलला.

"हॅलो! दुबईहून बोलतोय! ताईंच्या सासरचा, काका! मातोश्रींचं कळलं, फार वाईट झालं! पण ऐका, पंचक लागलेलं आहे! पुतळे ठेवलेत का? पुतळे! पाच!"

पलीकडून अशी किंकाळी आली, की ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला मला ऐकू आली. काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "रडतायत बिचाऱ्या. साहजिक आहे." मग पुन्हा कानाला लावला, तर फोन बंद. परत लावला, वाजत राहिला, कुणी उचलेना.

पाऊण तास तसाच गेला. मग आमचाच फोन वाजला, आणि तो मी उचलला, कारण बाकीचे त्या वेळी पुतळे पिठाचे चालतात की दर्भाचेच लागतात, यावर बोलत होते.

"ताई?" माझा भाऊ होता. "तू? तू अजून तिथंच?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तुझ्या सासरच्यांनी हिला काय सांगितलं? ही पायात चपलासुद्धा न घालता वॉर्डात आली रडत. म्हणते, आई गेल्या आणि मला कळवलंसुद्धा नाही! अगं, आई बशीतून चहा पीत होती!"

मी म्हटलं, "आई आहे?"

"आहे म्हणजे? मी काल काय सांगितलं तुला? रात्रीच्या विमानानं निघशील, दुपारपर्यंत पोचशील, असं तिला सांगून बसलोय मी. सकाळपासून दाराकडं तोंड करून बसलीये. पाच मिनिटांनी विचारते, मुंबईची गाडी आली का." त्याचा आवाज फाटला. "ताई, तू मला शपथ घातली होतीस ना? मग मी खोटं कशाला सांगेन?"

मी त्याला म्हटलं, "आज निघते." दुसरं काय म्हणणार होते? फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "आई जिवंत आहे."

मग काका पहिले बोलले. म्हणाले, "म्हणजे पंचक टळलं."

आणि बघता बघता त्या घरात जणू बारसं असावं तसं झालं हो! काकांनी सांगितलं, की मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, त्यामुळं आपण नकळत मातोश्रींचं भलंच केलं. भावजी म्हणाले, "बघ! उगाच रडलीस." जाऊबाई टीव्हीवरची चादर घडी करत म्हणाल्या, "आता गॅस पेटवायला हरकत नाही, चहा टाकते." चहा टाकायला जाताना त्यांनी फोटोवरचा हार काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि फ्रिजमध्ये ठेवला. मी विचारलं, "हे काय?" त्या अगदी सहज म्हणाल्या, "राहू दे गं. मोगरा आहे, दोन दिवस टिकतो. लागला तर असावा."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात आगडोंब उसळला. मी फ्रिज उघडला, ती पिशवी काढली आणि गॅलरीतून खाली भिरकावली. आणि ओरडले. मोठ्या दिरांपुढं मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्यांच्या तोंडावर ओरडले, "निघा! सगळे निघा माझ्या घरातून! माझी आई वाट बघतेय आणि तुम्ही चहा पिताय!" काका जिन्यात चपला शोधत राहिले.

शुक्रवार म्हणजे ट्रॅव्हल एजंटांची दुकानं बंद. शाळांना सुट्ट्या लागायच्या होत्या, रात्रीचं विमान भरलेलं. आम्ही तसेच एअरपोर्टवर गेलो, वेटिंग लिस्टवर तरी नाव लागेल म्हणून. ज्यांना मी घरातून हाकललं ते मोठे भावजी आमच्या आधी तिथं पोचून काउंटरपाशी उभे होते. माझ्याकडं न बघता काउंटरवरच्या माणसाची विनवणी करत होते. "हबीबी, मदर सीरियस है, समझो."

तो आपल्याकडचाच होता, केरळचा असावा. कंटाळलेला. "सर, इधर रोज सबका मदर सीरियस रहता है," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. माझे केस अजून मोकळेच होते. अंगावर पांढरी साडी. "सिस्टर, सच बोलो. सीरियस है या एक्सपायर्ड? एक्सपायर्ड है तो मैं मॅनेजर से बात करता हूँ. सीरियस का कुछ नहीं होता."

हे म्हणाले, "नाही नाही, शी इज..."

मी म्हटलं, "एक्सपायर्ड."

तो लगेच उभा राहिला. "सॉरी सिस्टर," म्हणाला, आणि आत गेला. ह्यांनी मान खाली घातली. भावजी एअरपोर्टच्या काचेकडं बघत होते. दहा मिनिटांत मला जागा मिळाली, एकटीला. माझ्या तोंडानं, मोठ्यानं, मी माझ्या आईला मारलं आणि तिच्याकडं जायचं तिकीट मिळवलं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत मी मनातल्या मनात तिची माफी मागत होते, आणि देवाला सांगत होते की ते खरं धरू नकोस.

शनिवारी सकाळी मुंबईला उतरल्यावर बूथवरून हॉस्पिटलला फोन लावला. भावाला बोलावून आणायला वेळ लागला, तोवर समोरच्या मीटरवर पळणारे आकडे बघून बूथवाला माझ्याकडं बघायला लागला. भाऊ आला. म्हणाला, "आहे अजून. ये."

ह्या वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवला. टॅक्सी केली. वाटेत कुठं चहाला थांबू दिलं नाही. ड्रायव्हर साताऱ्याजवळ कुरकुरला, त्याला म्हटलं, "बाबा, माझी आई आहे अजून." तो काय समजला कोण जाणे, पण पुढं बोलला नाही. सांगलीत पोचायला चार वाजले. भाऊ हॉस्पिटलच्या फाटकाशीच उभा होता. त्यानं काही सांगितलं नाही, माझी बॅग घेतली. आई अडीचला गेली होती.

त्याच्या थोबाडीत मारायला मला तेव्हा काही कारणच उरलं नव्हतं. तो एकदाही खोटं बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या खऱ्या सुतकाच्या शेवटच्या दिवशी, मी आणि भावजय मागच्या दारी बसलो होतो. ती तांदूळ निवडत होती. साधी बाई, पोटात काही राहत नाही.

"ताई, सांगू का?" ती म्हणाली. "मी तशी रडत वॉर्डात गेले ना, तर आईंना आधी हसूच आलं. म्हणाल्या, दुबईला माझे दिवस घालून झाले होय? बरं झालं, एक काम कमी. मग ह्यांनी तुम्हाला फोन केला आणि आईंना येऊन सांगितलं, ताई आज निघतेय, उद्या पोचतेच. रात्री तुमच्या यजमानांचाही निरोप आला, विमानात बसली म्हणून. तेही सांगितलं त्यांना."

मी विचारलं, "मग काय म्हणाली?"

तिनं सुपातला एक खडा काढून टाकला.

"म्हणाल्या, असू दे रे. मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस, एवढं कळतं मला. तिकडं मला गेलेली धरून बसलेत, ती आता कशाला धावत येईल. आणि कुशीवर वळल्या, भिंतीकडं तोंड करून. ह्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, शपथा नको घेऊस. मग पुन्हा गाडीचं काही विचारलं नाही त्यांनी."

आत कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. भावजयीनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"पण ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तेव्हा खरंच निघाला होतात ना?"

मी 'हो' म्हटलं. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही.